समुद्रातली धावपट्टी : तडा गेलेल्या बॉयलरवर कशी लढली ‘विक्रांत’?

जळगाव : ४ डिसेंबर हा नौदल दिन. १९७१ च्या कराची हल्ल्याची ही आठवण. त्याच दिवशी पूर्वेकडे ‘आयएनएस विक्रांत’वरून विमानं झेपावली होती. खान्देशात समुद्र नाही. त्यामुळे जहाजावरून विमान उडतं कसं, हा प्रश्न पडतोच.

जहाजावरची धावपट्टी अगदी आखूड. म्हणून जहाज वाऱ्याला सामोरं जात वेगाने पळवतात. समोरच्या वाऱ्याने पंखांना उचल मिळते. शिवाय वाफेवरची कॅटापल्ट यंत्रणा, ज्वारीच्या शेतात गोफणीतून दगड सुटावा तसं विमान पुढे फेकते. उतरताना विमानाचा हुक डेकवरच्या तारेत अडकतो.

विक्रांतची अडचण इथेच होती. चारपैकी एका बॉयलरला तडा गेलेला. वाफ कमी तर वेग कमी, अन् वेग कमी तर उड्डाणाला धोका. तरीही नौदलाने तिला बंगालच्या उपसागरात लढवलं. ‘सी हॉक’ विमानांनी कॉक्स बाजार, चितगाव झोडपलं. पाकिस्तानी फौजेची समुद्रमार्गे रसद आणि सुटका दोन्ही बंद झाली. १६ डिसेंबरला ढाक्यात शरणागती झाली.

ती विक्रांत २०१४ मध्ये मुंबईत भंगारात निघाली. त्याच नावाची नवी विक्रांत २ सप्टेंबर २०२२ ला कोचीत नौदलात दाखल झाली.