फुलांच्या गावी, पाण्याच्या काठी

एप्रिलमधल्या एका शनिवार-रविवारी आम्ही सहकुटुंब हॉलंड पाहून आलो. पहिला मुक्काम लायडन. कालव्यांच्या या शहरात विद्यापीठाच्या बागेत १५९० च्या दशकात क्लुसियस या वनस्पतिशास्त्रज्ञाने ट्युलिपचे कंद लावले होते. तेथून बसने लिसे गावची क्यूकेनहोफ बाग गाठली. ३२ हेक्टर जागा, सुमारे सत्तर लाख कंद, आणि बाग उघडी वर्षातून जेमतेम दोन महिने! मुले रंग पाहून हरखून गेली.

दुसऱ्या दिवशी रॉटरडॅमहून बोटीने किंडरडाइकला गेलो. तेथे १९ पवनचक्क्या आहेत, बहुतेक १७४० च्या सुमारास बांधलेल्या. चक्की म्हटली की आपल्याला दळण आठवते. या मात्र सखल शेतांतले पाणी उपसून वर कालव्यात टाकण्यासाठी उभारल्या. आता ते काम मुख्यतः पंप करतात. तरी चक्क्या चालू ठेवल्या आहेत, त्यांत कुटुंबेही राहतात.

या देशाची सुमारे एक चतुर्थांश जमीन समुद्रसपाटीखाली आहे. उपसा थांबला तर शेत, घर सारेच बुडेल. म्हणून पाण्याचा कारभार पाहणारी मंडळे मध्ययुगापासून आहेत आणि आज लोक त्यांच्यासाठी मतदान करतात. बांध फुटला तर पाणी लहानथोर पाहत नाही, हे तेथे सर्वांना ठाऊक आहे. वाचकहो, फुले जरूर पाहा. पण ती ज्यामुळे फुलतात तो बांधही पाहा.