छापखान्यातली यंत्रे : नंबर का चुकतो?

मागच्या आठवड्यात ट्रेडल छपाईयंत्रावरचा फर्मा, म्हणजे छपाईची चौकट, आवळणे पाहिले. आज त्याच फर्म्यात बसणारा, दर छापाला पुढचा नंबर उमटवणारा नंबरिंग बॉक्स.

नंबराची किंमत नाशिककरांना वेगळी सांगायला नको. नाशिकरोडला 1925 पासून इंडिया सिक्युरिटी प्रेस आहे, 1928 पासून करन्सी नोट प्रेस. नोट छपाईत खराब निघाली तर तिच्या जागी नंबरात तारा असलेली नोट घालण्याची पद्धत रिझर्व्ह बँकेने 2006 मध्ये सुरू केली. बिलबुके छापणाऱ्याला अशी ताऱ्याची सोय नाही. जीएसटीच्या नियम 46 प्रमाणे बिलांना सलग क्रमांक लागतो. एकच नंबर दोनदा पडला की गिऱ्हाईक पुस्तक परत आणते.

बॉक्समध्ये 0 ते 9 आकड्यांची चाके एका दांडीवर असतात. प्रत्येकाला रॅचेट, म्हणजे दहा दात्यांचे चक्र. बॉक्सचा दट्ट्या एकदा दाबला की पॉल, म्हणजे दात्यात अडकणारी खिट्टी, एककाचे चाक एक दाता सरकवतो. खरी करामत पुढे आहे. सगळ्या चाकांचे पॉल एकाच तुकड्यावर असतात, पण कमीजास्त लांबीचे. एककाच्या रॅचेटमध्ये एकच खाच खोल असते. नऊनंतर लांब पॉल तिच्यात उतरतो आणि तेव्हाच दशकाचा आखूड पॉल आपल्या चाकाला भिडतो.

म्हणून बॉक्स उघडण्याआधी चुकलेले कागद क्रमाने लावून वाचावेत. 19 नंतर पुन्हा 10 आला, तर एककाच्या खोल खाचेत वाळलेली शाई किंवा कागदाचा भुगा भरला आहे, नाहीतर दशकाच्या पॉलचे टोक झिजले आहे. दर फेरीला 6 वरच नंबर अडत असेल, तर तोच एक दाता तुटका किंवा मळलेला. आकडे तिरके, अर्धवट वळलेले दिसले, तर चाके जागी धरणाऱ्या पॉलची स्प्रिंग सैल आहे. आणि चूक कुठेही, कशीही पडत असेल, तर बॉक्सला दोष देण्याची घाई नको. फर्मा थोडा सैल करून दट्ट्या बोटाने दाबा. तो आता मोकळा चालला, तर बॉक्स आवळताना चेपला जात होता. तरीही चूक राहिली, तर दट्ट्या पूर्ण दाबला जातो का, ते कागदाखालचे पॅकिंग पाहून ठरवा.

साफसफाईला रॉकेल पुरते. बॉक्स त्यात बुडवून दट्ट्या दाबत राहा, ब्रश फिरवा, पूर्ण वाळवा, मग पातळ तेलाचा एक थेंब. सुईने दाते कोरू नका. धार गेलेला रॅचेट पुन्हा नीट होत नाही.

एक ते दहा मोजून झालेली चाचणी अपुरी आहे. बॉक्स 0098 वर आणि मग 0998 वर लावून हाताने दोन-तीनदा दाबा, आणि 0100 व 1000 नीट आले तरच फर्मा मशीनवर चढवा.