समुपदेशन हवे, पण उपदेश नको? व्यक्तिकेंद्रित समुपदेशन आपल्यासाठी आहे का, हे कसे ठरवाल

पुण्यात स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा आमच्या ओळखीचा एक तरुण तिसऱ्यांदा पूर्व परीक्षेत अडकला. झोप उडाली, घरचे फोन घेणे बंद झाले. मित्रांनी आग्रह केल्यामुळे तो एका समुपदेशकाकडे गेला आणि बाहेर पडताच त्याने मला फोन केला. चिडलेला होता. "ताई, पाऊण तास मीच बोलत होतो. शेवटी विचारलं, परीक्षा सोडू का? तर म्हणे, सोडायचा विचार आला की तुम्हाला आतून काय वाटतं? उत्तर मलाच द्यायचं असेल तर फी कशाची घेतात?"

मी चौकशी केली. समुपदेशक नीट शिकलेले होते. त्यांची पद्धत व्यक्तिकेंद्रित होती. या पद्धतीत काय मिळते आणि काय मिळत नाही, हे त्या मुलाला आधी कोणीच सांगितले नव्हते. आपल्या वस्तीतली अनेक मुले-मुली अशीच एका भेटीत निराश होऊन परततात आणि पुन्हा कुठल्याच मदतीकडे वळत नाहीत. म्हणून हा लेख.

ही पद्धत आली कुठून?

समुपदेशन या शब्दातच उपदेश आहे. त्यामुळे कोणीतरी वडीलधारे माणूस समजावून सांगेल, मार्ग दाखवेल, अशी आपली अपेक्षा असते. कार्ल रॉजर्स (१९०२-१९८७) या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने नेमका हा उपदेशच बाजूला ठेवला.

सुरुवातीला रॉजर्सही सल्लेच देत. रॉचेस्टर शहरात ते मुलांच्या समस्यांवर काम करत असताना एका खोडकर मुलाची आई त्यांच्याकडे येत असे. मुलाचे वागणे त्याच्या लहानपणी तुम्ही त्याला दिलेल्या वागणुकीमुळे बिघडले, हे ते तिला परोपरीने समजावत राहिले. उपयोग शून्य. शेवटी दोघांनी थांबायचे ठरवले. दारापर्यंत गेलेली ती बाई मागे वळली आणि तिने विचारले, तुम्ही मोठ्या माणसांनाही समुपदेशन करता का? हो म्हणताच ती परत येऊन बसली आणि स्वतःच्या संसारातले दुःख बोलू लागली. खरे काम तिथून सुरू झाले. कुठे दुखते आहे हे त्या माणसालाच ठाऊक असते, हा धडा रॉजर्स यांनी यातून घेतला.

पुढे १९५७ मधील एका प्रसिद्ध लेखात त्यांनी बदल घडण्यासाठी लागणाऱ्या अटी मांडल्या. त्यातल्या तीन समुपदेशकाने पाळायच्या आहेत. पहिली समानुभूती: समोरच्याचे जग त्याच्या नजरेतून समजून घेणे. दुसरी विनाअट स्वीकार: तू अमुक केलेस तरच चांगला, अशी अट न घालणे. तिसरी सच्चेपणा: तज्ज्ञपणाचा मुखवटा न घालता खरे वागणे. असे वातावरण मिळाले की माणूस स्वतःचे स्वतः नीट पाहू लागतो आणि निर्णयही घेऊ शकतो, हा या पद्धतीचा विश्वास आहे.

दुसऱ्या पद्धतींपेक्षा वेगळे काय?

आपल्याकडे कि. मो. फडके यांच्यामुळे अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती बऱ्याच कार्यकर्त्यांना माहीत आहे. तिथे समुपदेशक तुमच्या विचारांना आव्हान देतो. "नापास झालो म्हणजे मी नालायक" हे कशावरून, असे थेट विचारतो आणि घरी करायला अभ्यासही देतो.

१९६५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन चित्रफितीत एकच घटस्फोटित महिला रॉजर्स, फ्रिट्झ पर्ल्स आणि एलिस या तिघांशी वेगवेगळे बोलते. आपल्या खासगी आयुष्याबद्दल लहान मुलीला खरे सांगावे का, असे ती रॉजर्स यांना थेट विचारते. रॉजर्स हो किंवा नाही असे सांगत नाहीत. तिच्या मनातली ओढाताण तिलाच दिसेल असे ऐकत राहतात. एलिस मात्र तिच्या समजुतींवर बोट ठेवतात आणि काय करून पाहावे तेही सांगतात. प्रश्न घेऊन येणारी व्यक्ती तीच, पण मिळणारी मदत निराळी.

यात श्रेष्ठ कोण? इंग्लंडमधील शेफील्ड येथे नैराश्याच्या ५१० रुग्णांवर झालेला एक अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात व्यक्तिकेंद्रित पद्धतीवर आधारलेला उपचार आणि विचार-वर्तनावर काम करणारा उपचार (सीबीटी) यांची तुलना होती. सहा महिन्यांनी व्यक्तिकेंद्रित उपचार मागे पडलेला नव्हता. बारा महिन्यांनी मात्र सीबीटीचे पारडे जड दिसले. म्हणजे ही पद्धत निव्वळ गप्पा नाही आणि सर्वांवर एकच औषधही नाही.

कोणाला उपयोग होऊ शकतो?

आयुष्यभर दुसऱ्यांच्या अपेक्षा वाहिलेल्यांना. घरातला पहिला पदवीधर, ज्याच्याकडे आईवडील, भावंडे आणि सगळी वस्ती डोळे लावून बसली आहे, त्याला स्वतःला काय हवे हे विचारायला कोणी नसते. जवळचे माणूस गेल्याचे दुःख, नाते तुटणे, स्वतःबद्दल वाटणारी लाज, लग्न किंवा करिअरचा पेच, अशा वेळी ही पद्धत जुळू शकते.

आपल्या कार्यकर्त्यांनाही ती जुळू शकते. रात्री-अपरात्री पोलीस ठाण्यात धावणारा, अत्याचारग्रस्त कुटुंबासोबत दवाखान्यात बसणारा कार्यकर्ता सगळ्यांचे ऐकतो. त्याचे कोण ऐकते? आपण लढणारी माणसे, आपल्याला कसले समुपदेशन, असे म्हणत कित्येक जण आतून संपत जातात.

कोणाला एवढे पुरणार नाही?

माझ्या परिचयातली एक मुलगी कुलूप आणि गॅस पुन्हा पुन्हा तपासत असे. वर्षभर ती समुपदेशकाशी मोकळेपणाने बोलली. मन हलके झाले, तपासणे थांबले नाही. मंत्रचळासारख्या या त्रासासाठी वेगळे, टप्प्याटप्प्याने सराव करून घेणारे उपचार असतात आणि गरजेप्रमाणे औषधेही. ते मिळाल्यावर तिला फरक पडला.

भास होणे, कोणी पाळतीवर आहे असे ठाम वाटणे, झोपेविना दिवसेंदिवस अतिउत्साह, दारूचे व्यसन, जेवण-झोप पार बंद होणे, यांत आधी मानसोपचारतज्ज्ञाला भेटा. जिल्हा रुग्णालयात ती सोय असते. सोबतीला समुपदेशन चालू शकते. जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार येत असतील तर पद्धत निवडत बसू नका. लगेच जवळच्या माणसाला सांगा, दवाखाना गाठा किंवा केंद्र सरकारच्या टेली-मानस सेवेला १४४१६ वर फोन करा. ती मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीतही बोलता येते.

जातीचा अनुभव खोलीबाहेर ठेवायचा का?

मुळीच नाही. वसतिगृहात आडनाव विचारले जाते, गुणपत्रिकेपेक्षा प्रवर्ग आधी पाहिला जातो, ही जखम खरी आहे. ती सांगितल्यावर "सगळीकडे असेच असते, तुम्ही फार मनाला लावून घेता" असे उत्तर आले, तर समानुभूती आणि विनाअट स्वीकार या दोन्ही अटी तिथेच मोडल्या असे समजा. तुम्ही कमकुवत आहात असा त्याचा अर्थ काढू नका, समुपदेशक बदला. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार उपचारात जातीवरून भेदभाव करता येत नाही आणि तुमची माहिती गोपनीय ठेवावी लागते.

दुसरी बाजूही लक्षात घ्या. अडकलेली शिष्यवृत्ती समुपदेशनाने सुटत नाही. जातीवाचक अपमानाची तक्रार, तोंडी असो वा लेखी, करावीच लागते. मनाला आधार आणि अन्यायाविरुद्ध कारवाई ही दोन कामे आहेत. एक करताना दुसरे सोडू नका.

पहिल्या भेटीत काय विचाराल?

- आपले शिक्षण काय, आपण कोणत्या पद्धतीने काम करता?
- मला सल्ला मिळेल, सराव दिला जाईल, की मुख्यतः बोलायला जागा मिळेल?
- जातीभेदाचे अनुभव घेऊन येणाऱ्यांसोबत आपण काम केले आहे का?
- फी किती, सवलत आहे का, साधारण किती भेटी लागतील?
- उपयोग होत नाही असे वाटले तर आपण काय करू?

असे विचारणे उद्धटपणा नाही. चांगला समुपदेशक या प्रश्नांचे स्वागत करतो. त्यानंतर तीन-चार भेटी द्या आणि स्वतःला विचारा: इथे मी खोटे न बोलता बसू शकतो का? बाहेर पडल्यावर स्वतःबद्दल काही नवे कळते का? मला ऐकून घेणारे माणूस हवे होते, की एखादा ठरावीक त्रास थांबवायचा होता? शेवटच्या प्रश्नाच्या उत्तरावर बरेचसे ठरते.

तो तरुण पुन्हा त्याच समुपदेशकाकडे गेला. या वेळी त्याने आधीच सांगितले, "मला सल्ला हवा होता, म्हणून राग आला." समुपदेशकांनी तो रागही शांतपणे ऐकून घेतला. पाचव्या भेटीनंतर त्याचा फोन आला. परीक्षेचे अजून ठरले नव्हते. पण वडिलांना त्याने पहिल्यांदाच स्वतःहून फोन केला होता आणि म्हणाला होता, "बाबा, मी थकलोय."