पिवळ्या ज्योतीचं गणित

आज घरी एक प्रयोग करून बघा. गॅसच्या निळ्या ज्योतीवर मिठाचे दोन कण टाका. ज्योत क्षणात पिवळीधम्म! हा रंग सोडियमचा. 1860च्या सुमारास जर्मनीत बुन्सेन आणि किरशॉफ यांनी ज्योतीच्या प्रकाशावरून मूलद्रव्यं ओळखायची पद्धत बसवली. आजच्या लॅबमधला फ्लेम फोटोमीटर त्याच तत्त्वावर चालतो. ज्योत जितकी पिवळी, तितकं सोडियम जास्त. वेफर्सच्या पाकिटावरचा सोडियमचा आकडाही अशाच उपकरणांतून येतो.

आता जरा वऱ्हाडात येऊ. चिखलदऱ्याला जाताना अमरावती सोडलं की लागतं ते पेढी नदीकाठचं वलगाव. 1956 साली गाडगेबाबांनी शेवटचा श्वास घेतला तो याच परिसरात. इथून दर्यापूरकडे वळलात की पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा सुरू होतो. अमरावती, अकोला, बुलडाणा अशा तीन जिल्ह्यांत तो पसरलाय. विहिरीला पाणी आहे, पण खारं!

गंमत म्हणजे, माती दिसते मस्त काळीभोर. घोळ आत असतो. मातीचे बारीक कण कॅल्शियम एकत्र धरून ठेवतं. सोडियम वाढलं की हे कण सुटे होतात आणि मातीतली छिद्रं बुजवतात. मग पाऊस पडला तरी पाणी वरच साचतं आणि खाली मुळं तहानलेली राहतात. बोअरचं असं पाणी दिलं तर पहिल्या वर्षी पीक छान डोलतं, पण वावर हळूहळू घट्ट होत जातं.

मग माती तपासायची ना? तपासतात की! 2015 पासून केंद्राची मृदा आरोग्य पत्रिका मिळते. त्यात बारा गोष्टी असतात: नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबं, मँगनीज, बोरॉन, सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब. सोडियम मात्र त्यात नाही! सामू चढला तर शंका येते, पण जिप्सम किती टाकायचं हे त्यावरून ठरत नाही. त्यासाठी मातीला चिकटलेलं सोडियम मोजावं लागतं. जिप्सममधलं कॅल्शियम त्याची जागा घेतं आणि सुटलेलं सोडियम पावसाच्या पाण्याबरोबर वाहून जातं. अर्थात, निचरा नीट असेल तर.

तुमच्यापैकी अनेकांचं गावाकडे शेत असेल. बाबा किंवा काका नवं बोअर घ्यायचं म्हणत असतील, ड्रिपसाठी कर्ज काढत असतील. मग सुट्टीत घरी गेलात की एवढं करा. आधी बोअरचं पाणी बाटलीत भरून तपासायला द्या. माती फक्त वरची वीतभर घेऊ नका, कारण इथे सोडियम खोल जावं तसं वाढतं. दोन-तीन फुटांपर्यंत थराथरानं वेगळे नमुने घ्या आणि लॅबमध्ये सांगा, ‘सोडियमही बघा.’

अहवाल वाईट आला तर शेततळ्यात साठवलेलं पावसाचं पाणी हा पर्याय असतोच. कर्ज काढण्याआधी हे कळलेलं बरं, नाही का?