दहाव्या गोळीची साक्ष

नवी रायफल हाती आली की तिच्याबद्दल लगेच मत बनवू नये. पहिल्या शे-दीडशे गोळ्यांत नळीचा आतला पृष्ठभाग घासून बसतो, गोळीचा वेग बहुधा थोडा वाढतो आणि तोवर टिपून ठेवलेले आकडे कामातून जातात. अमेरिकेतल्या बेंचरेस्ट नेमबाजांना हे पक्कं ठाऊक असतं. या खेळात रायफल दगडी किंवा सिमेंटच्या टेबलावर, वाळूच्या पिशव्यांवर टेकवलेली असते. हाताचा कंप जवळजवळ उरत नाही. उरतात रायफल, वारा आणि काडतूस. वारा आपल्या हाती नाही, काडतूस मात्र आहे. म्हणून ते नेमबाज स्वतःच भरतो.

काडतुसात पितळी कवच, प्रायमर, दारू आणि गोळी एवढ्याच चार गोष्टी, पण खरी मेहनत कवचावर. एकदा उडालं की पितळ फुगतं आणि चेंबरच्या, म्हणजे नळीत काडतूस बसतं त्या पोकळीच्या, भिंतींना टेकून अंगावर बेतलेल्या सदऱ्यासारखं त्याच चेंबरच्या मापाचं होतं. पुढच्या वेळी ते पूर्ववत दाबून टाकायचं नसतं. मान गोळी धरण्यापुरती आवळायची आणि खांदा इंचाच्या हजाराव्या भागांत मोजून किंचित मागे सारायचा. 1970च्या दशकात शल्यविशारद लुई पाल्मिसानो आणि यंत्र-कारागीर फेरिस पिंडेल यांनी .220 रशियन या काडतुसाच्या कवचातून 6 पीपीसी घडवलं. आखूड, रुंद, लहान प्रायमरचं हे काडतूस पुढे बेंचरेस्टवर असं पसरलं की कमी अंतराच्या स्पर्धांत दुसरं काही क्वचितच दिसावं. मोजकी कवचं घेऊन नेमबाज मैदानावरच दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळात ती पुन्हा भरतात. ऊन चढलं, हवा बदलली, की दारूचं मापही बदलतात.

दारूचं प्रमाण ठरवताना घाईला जागाच नाही. उत्पादकाच्या तक्त्यातल्या सर्वांत कमी मापापासून सुरुवात करायची आणि ग्रेनच्या दशांशांनी वर सरकायचं. एक ग्रेन म्हणजे जेमतेम 65 मिलिग्रॅम. प्रायमर चपटा दिसू लागला किंवा बोल्ट उचलायला जड गेला, की तिथेच थांबायचं. त्यापुढे धातू आणि डोळे दोन्ही धोक्यात. मग गोळी किती खोल बसवायची ते पाहायचं, म्हणजे नळीतले आटे सुरू होण्याआधी तिला किती मोकळी वाट मिळते ते.

इथेच माणूस स्वतःला फसवतो. तीन गोळ्या एकमेकींना चिकटून बसल्या की वाटतं, सापडलं! पण गणित निराळं सांगतं. भरणी तीच, रायफल तीच, तरी तीन गोळ्यांचा पुंजका सरासरी एक इंच रुंद पडत असेल, तर दहा गोळ्यांचा दीड इंचाच्या पुढे जातो. रायफल काही बिघडलेली नसते. लांब पडणाऱ्या गोळीला तिथवर संधीच मिळालेली नसते. क्रेटन ऑडेट यांची शिडी-चाचणी प्रसिद्ध आहे: दारू पायरीपायरीने वाढवत एकेक गोळी दूरच्या निशाण्यावर झाडायची आणि लागोपाठच्या गोळ्या कुठे एकाच उंचीवर पडतात ते पाहायचं. कल्पना देखणी आहे. तरी प्रत्येक पायरीवर एकच गोळी असताना दिसलेला सपाट टप्पा निव्वळ योगायोगही असू शकतो, आणि माझ्या मते पुष्कळदा तो तसाच असतो. बेंचरेस्टचे नियम या बाबतीत शहाणे आहेत: पाच गोळ्यांचे पाच पुंजके, आणि निकाल त्यांच्या सरासरीवर. एका भाग्यवान पुंजक्याने कोणी जिंकत नाही.

भारतात दारूगोळा बनवायला 1959च्या शस्त्र कायद्याखाली वेगळा परवाना लागतो, त्यामुळे हा छंद इथे घराघरांत रुजलेला नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसाळेने 2024 साली पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटर थ्री पोझिशन्सचं कांस्यपदक मिळवलं, त्या प्रकारात तर ही वाटच बंद आहे. तिथल्या .22 काडतुसात प्रायमरचं मिश्रण कवचाच्या कडेतच भरलेलं असतं. ते पुन्हा भरायची सोय नाही. तिथे नेमबाज भरत नाही, निवडतो. जर्मनीतल्या शोनेबेक इथल्या लापुआ या काडतूस-कंपनीच्या चाचणी केंद्रात रायफल शिकंजात घट्ट बसवतात आणि काडतुसांचे लॉटमागून लॉट झाडून पाहतात. एकाच कारखान्यातल्या, एकाच नावाच्या डब्यांतही एक लॉट त्या नळीला मानवतो, दुसरा नाही. म्हणून मानवलेल्या लॉटचा जमेल तेवढा साठा नेमबाज तेव्हाच उचलतात. तो संपला की पुढच्या लॉटसाठी रायफल पुन्हा शिकंजात चढते.