जुनी जीप उचलण्याआधी

वाईहून धोम मागे टाकून बलकवडी, जोरकडे निघालं की रस्ता हळूहळू फक्त नावापुरता उरतो. जुलै 2021 च्या अतिवृष्टीत या खोऱ्यातले रस्ते कसे वाहून गेले होते, ते इथल्या माणसाला सांगायला नको. उलट्या दिशेला भुईंजकडे काळी माती, ऊस आणि कारखान्याकडे जाणाऱ्या ट्रॉल्यांनी पाडलेल्या खोल चाकोऱ्या. दोन्हीकडे जुन्या महिंद्रा जीप, मारुती जिप्सी, पहिल्या पिढीतल्या थार आणि बोलेरो अजून राबताहेत. अशी एखादी गाडी हौसेने विकत घेतली की पहिला बेत ठरतो तो लिफ्ट किटचा. गाडी दोन-तीन इंच उचलायची, की झालं. या 'झालं'च्या पोटात बरेच गैरसमज आहेत, आणि त्यातले काही महागात पडतात, तर काही जिवावर बेततात.

"तीन इंच लिफ्ट म्हणजे तीन इंच जादा ग्राउंड क्लिअरन्स"

सगळ्यात पसरलेला समज हाच. त्याचा निकाल गाडीखाली वाकून पाहिल्यावर लागतो. जिप्सी किंवा MM540 सारख्या गाडीत पुढचा-मागचा ॲक्सल अखंड असतो आणि डिफरन्शियलचा गोळा त्या ॲक्सललाच असतो. ॲक्सल चाकांना जोडलेला आणि चाकं जमिनीवर. पाटे उंच केले की वर जाते ती चासी आणि बॉडी, गोळा जिथल्या तिथे राहतो. जिप्सीचा ग्राउंड क्लिअरन्स 210 मिमी. तीन इंचांचं किट टाकल्यावरही गोळ्याखालची जागा तेवढीच. ट्रॉलीच्या चाकोरीत मधला उंचवटा गोळ्याला घासत असेल, तर किट टाकल्यानंतरही तो घासणारच.

गोळा वर न्यायचा तर टायर मोठा हवा, आणि तिथेही वाढीचा निम्माच फायदा मिळतो. जिप्सीच्या 205/70 आर15 टायरचा व्यास साधारण 668 मिमी भरतो, 235/75 आर15 चा 733 मिमी. फरक 65 मिमीचा, पण ॲक्सल उचलला जातो सुमारे 33 मिमी, म्हणजे सव्वा इंच. कमी वाटतो, पण हाच खरा क्लिअरन्स. मला विचाराल तर पाट्यांच्या लिफ्टचा मुख्य उपयोग एवढाच, की हा मोठा टायर चाक वळवताना आणि खड्ड्यात आपटताना बॉडीला लागू नये.

मग नुसत्या लिफ्टने काहीच साधत नाही का? साधतं. दोन चाकांमधलं पोट वर जातं, त्यामुळे बांध ओलांडताना ट्रान्सफर केस आणि सायलेन्सर वाचतात. बंपर वर गेल्यामुळे ओढ्यातून समोरच्या चढाला भिडताना नाक लागत नाही. पण जुन्या जीपला पुढे नाक असतंच कुठे? चाकं जवळजवळ बंपरपाशीच असतात. लांब बंपरच्या स्कॉर्पिओला या लिफ्टचा जितका फायदा होतो, तितका जीपला होत नाही.

थार 2010 मध्ये आली तेव्हा तिला पुढे स्वतंत्र सस्पेन्शन आणि टॉर्शन बार होते. तिथे पुढचा गोळा चासीला बांधलेला असतो, त्यामुळे चासीबरोबर तो खरंच वर जातो. म्हणून काही जण टॉर्शन बारचे बोल्ट आवळून फुकटात उंची मिळवतात. पण त्याने स्प्रिंगची ताकद वाढत नाही, चाकाची बसायची जागा तेवढी बदलते. चाक खाली जायला जी मोकळीक होती ती संपते, ॲक्सलचे सांधे सतत तिरके फिरतात, त्यांचे रबरी बूट लवकर फाटतात आणि खड्ड्यात चाक खाली पडलं की 'ठक' आवाज येतो.

"एक जादा पाटा टाकला की काम भागतं"

ही सवय आपल्याकडे वडापाने लावली. दहा-पंधरा माणसं, वर टपावर पोती, म्हणून मागच्या पाट्यांत एकदोन पाटे जादा टाकायचे. भरलेल्या गाडीसाठी ते ठीक होतं. आता तीच जीप दोन माणसांना घेऊन मांढरदेवीच्या घाटात नाही तर कमळगडाच्या पायथ्याला जाते. जादा पाट्यांमुळे ती उंच उभी राहते खरी, पण पाटे दबतच नाहीत. खडबडीत वाटेवर एक चाक दगडावर चढलं की दुसरं खाली जाऊन जमीन धरायला हवं, ते हवेत तरंगतं. हवेतलं चाक गरगर फिरतं आणि गाडी तिथेच थांबते. ऑफ-रोड गाडीचा खरा गुण चाकाच्या वर-खाली होण्यात आहे. उंची त्याला जागा करून देते, एवढंच तिचं काम. कडक, उंच गाडीपेक्षा कमी उंचीची, पण मऊ पाट्यांची गाडी बऱ्याच ठिकाणी सहज निघून जाते.

म्हणून किट निवडताना पहिला प्रश्न वजनाचा. गाडीत नेहमी किती माणसं असतात, पुढे विंच किंवा लोखंडी बंपर आहे का, टपावर कॅरिअर आहे का? रिकाम्या गाडीचं किट भरलेल्या गाडीत बसून जातं, आणि भरलेल्या गाडीचं किट रिकाम्या गाडीत दगडासारखं कडक होतं.

यातच एक गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटते. वीस-पंचवीस वर्षांच्या गाडीचे पाटे बसलेले असतात. सपाट जागेवर गाडी उभी करून चारही चाकांच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत टेप लावा. डाव्या-उजव्या बाजूंत फरक निघाला, शॅकल (पाट्याच्या टोकाची झुलती कडी) जवळजवळ आडवा झोपला असला, बंप स्टॉपरच्या रबरावर ताजे घासल्याचे डाग दिसले, तर गाडीला आधी तिची मूळ उंची परत द्यायला हवी. कंपनीच्या मापाचे नवे पाटे, नवे बुश आणि चांगले शॉकअप एवढ्यावर कित्येक गाड्या इतक्या उठतात, की मालकाला किटची गरजच वाटत नाही. स्प्रिंगवाल्याकडे जुन्याच पाट्यांना पुन्हा कमान देऊन घेता येते, पण ती टिकेलच असं नाही. आणि पाटा भट्टीत लाल करून वाकवला, नंतर त्याला नीट पाणी दिलं नाही, तर पोलादाची ताकदच जाते. असा पाटा काही महिन्यांत पुन्हा बसतो किंवा तुटतो.

"लांब शॅकल म्हणजे स्वस्तात लिफ्ट"

स्वस्त आहे, पण ती लिफ्ट दिसते त्याच्या निम्मीच. पाट्याचं एक टोक पिनवर, दुसरं शॅकलवर आणि ॲक्सल मधोमध. शॅकल दोन इंच लांब केला तर ॲक्सलपाशी उंची वाढते एकच इंच. पुढच्या पाट्यांवर तर धोकाच आहे. जिप्सीत पुढचा शॅकल पाट्याच्या पुढच्या टोकाला असतो. तो लांबवला की पाट्याचं पुढचं टोक खाली झुकतं, त्याबरोबर सगळा ॲक्सल पुढे कलतो आणि कॅस्टर कमी होतो. कॅस्टर म्हणजे स्टिअरिंगच्या वळणाच्या अक्षाचा मागे असलेला कल. वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ होतं ते त्याच्यामुळे. तो कमी झाला की गाडी हायवेवर इकडेतिकडे भरकटते, आणि खंबाटकीच्या उतारावर एखाद्या खड्ड्यानंतर स्टिअरिंग इतकं थरथरायला लागतं की हातात धरवत नाही. ॲक्सल आणि पाटा यांच्यामध्ये योग्य कोनाची पाचर बसवून कॅस्टर परत आणता येतो. ती न बसवता पुढे लांब शॅकल लावणाऱ्याच्या हाती गाडी देऊ नये.

जिप्सीत पाटे ॲक्सलच्या खाली असतात. ते ॲक्सलच्या वर घेतले की एका झटक्यात साधारण पाच इंच मिळतात, म्हणून तो प्रकार फार लोकप्रिय आहे. पण तेवढ्या उंचीला ब्रेकचे होज तोकडे पडतात, स्टिअरिंगचा रॉड तिरका होतो, प्रॉपेलर शाफ्टचे क्रॉस जास्त कोनात फिरून लवकर खातात, आणि जोरात ब्रेक मारला किंवा चढाला रेस केली की पाटा इंग्रजी एस अक्षरासारखा मुरडतो. हे सगळं दुरुस्त करण्याची तयारी आणि पैसे नसतील तर पाच इंचांचा विचार सोडून द्यावा. घाटात आणि शेतात चालणाऱ्या गाडीला दीड ते दोन इंच पुरतात, यावर मी ठाम आहे.

"शॉकअप बदलला की गाडी उचलते"

नाही. गाडीचं वजन पाटे पेलतात, शॉकअप फक्त उसळी आवरतो. उंच पाट्यांबरोबर जुन्या लांबीचा शॉकअप ठेवला, तर चाक खाली जाताना तोच शेवटची अडवणूक करतो आणि त्याची माउंटिंग तुटतात. फार लांब घेतला तर तो बंप स्टॉपरच्या आधीच आतून आपटतो. चाक पूर्ण वर आणि पूर्ण खाली नेऊन दोन्ही मापं घ्यावीत आणि त्यात बसणारा शॉकअप मागवावा.

"गाडी तीच, फक्त उंच झाली"

उंचीबरोबर गाडीचं वागणं बदलतं. जिप्सीच्या डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर सुमारे 1300 मिमी. तिचा गुरुत्वमध्य जमिनीपासून 700 मिमीवर आहे असं समजू. मग उभी गाडी आडव्या उतारावर कागदोपत्री 43 अंशांपर्यंत तग धरते. पाच इंच लिफ्ट आणि वर मोठे टायर घातले की हा आकडा 37 च्या आसपास येतो. चालत्या गाडीत पाटे आणि टायर दबतात, त्यामुळे प्रत्यक्षात ती त्याच्या कितीतरी आधी कलंडते. वाई सातशे मीटरवर, पाचगणी तेराशेच्या घरात. मधला पसरणी घाट वळणावळणांचा, आणि टपावर सामान बांधून तो उतरताना हे सहा अंश फार मोठे असतात.

ब्रेकचंही तसंच. वर सांगितलेल्या मोठ्या टायरने चाकाचा घेर जवळजवळ 10 टक्के वाढतो. त्याच दाबाला ब्रेक तेवढा कमी लागतो, चढाला गिअर जड पडतो आणि काटा 60 दाखवत असताना गाडी 66 ने जात असते. आणखी एक बारीक गोष्ट अनेक गॅरेजमध्येही सुटते. बऱ्याच गाड्यांत मागच्या ॲक्सलजवळ वजन ओळखून ब्रेकचा दाब ठरवणारा व्हॉल्व्ह असतो. चासी आणि ॲक्सलमधलं अंतर वाढलं की गाडी रिकामी आहे असं त्याला वाटतं आणि तो मागचा ब्रेक कमी करतो. लिफ्टनंतर त्याची दांडी नव्या उंचीला लावून घ्यावीच लागते.

"दोन इंचांपर्यंत आरटीओला चालतं"

कायद्यात असा इंचांचा आकडा कुठेही नाही. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 नुसार आरसीवरचा तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे कलम कडकपणे लावलं. 2019 च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलाला प्रत्येकी 5000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. जुन्या गाडीला हे जास्त जाचतं, कारण पंधरा वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण करायला ती निरीक्षकासमोर उभी करावीच लागते. विमा कंपनीला न सांगता केलेला बदल अपघातानंतर दाव्याच्या आड येतो, तो प्रश्न वेगळाच. बसलेल्या पाट्यांच्या जागी मूळ मापाचे नवे पाटे टाकणं ही मात्र साधी दुरुस्ती आहे. MH-11 किंवा MH-10 च्या जुन्या गाडीसाठी मी पहिला सल्ला तोच देईन.

पाटे नवे टाका किंवा दीड-दोन इंचांचे घ्या, बसवताना समोर उभं राहून दोन गोष्टी पाहा. शॅकलचे आणि पिनचे बोल्ट गाडी जॅकवर असताना शेवटचे आवळू देऊ नका. चाकं जमिनीवर टेकून वजन आल्यावरच आवळायचे, नाहीतर रबरी बुश पिळलेल्या अवस्थेत अडकतात आणि लवकर फाटतात. यू बोल्ट नवेच घ्या आणि दोन-तीनशे किलोमीटर चालल्यावर पुन्हा आवळून घ्या, कारण नवे पाटे एकमेकांवर बसताना ते हमखास ढिले होतात. त्याच फेरीत हेडलाइटही खाली करून घ्या. पावसाळ्यात पाचगणीच्या धुक्यात वर गेलेला प्रकाश समोरच्या ड्रायव्हरच्या डोळ्यांत जातो आणि आपल्यालाही रस्ता दिसत नाही.