एका प्रोग्रॅमकडून दुसऱ्याकडे : संगणकावरील मराठी मजकुराचा मागोवा

स्वतंत्रपणे लिहिलेल्या दोन प्रोग्रॅमांना एकमेकांची अंतर्गत रचना ठाऊक नसते. एकाने दुसऱ्याला काही द्यायचे तर ते कार्यप्रणालीमार्फत, ठरलेल्या संदेशांनी द्यावे लागते. १९८५ साली विंडोजची पहिली आवृत्ती आली तेव्हा त्यासाठी क्लिपबोर्ड होता. एका खिडकीत मजकूर कॉपी करायचा आणि दुसऱ्या खिडकीत पेस्ट करायचा. १९८७ च्या विंडोज २ बरोबर डीडीई ही पद्धत आली. तिच्यात एक प्रोग्रॅम दुसऱ्याचे नाव व विषय सांगून साद घालतो आणि जोडणी झाली की मूळ आकडा बदलताच पलीकडचाही आपोआप बदलतो. पुढे मुंबईतल्या शेअर दलालांच्या टर्मिनलवरून एक्सेलच्या तक्त्यात भाव सतत उतरत राहिले ते याच वाटेने. आकड्यांची ही ने-आण बिनचूक चाले, कारण इंग्रजी अंक व रोमन अक्षरांचे संकेतांक सगळ्या प्रोग्रॅमांत एकच होते. मराठीच्या वाट्याला ही सोय पुष्कळ उशिरा आली.

खरे तर सुरुवात चांगली झाली होती. आयआयटी कानपूरमध्ये विकसित झालेले आणि नंतर पुण्याच्या सी-डॅकने पुढे नेलेले जिस्ट तंत्र डॉसवरच्या इंग्रजी प्रोग्रॅमांतही देवनागरी दाखवी. त्यामागे इस्की ही संकेतप्रणाली होती. १९९१ मध्ये तिला भारतीय मानकाचा दर्जा मिळाला. इस्कीत वर्णाला संकेतांक होता, त्याच्या आकाराला नव्हता. मजकूर उच्चारक्रमाने साठवायचा आणि जोडाक्षर दाखवतानाच घडवायचे, हा विचार पक्का होता.

१९९२ च्या विंडोज ३.१ मध्ये ट्रूटाइप फाँट आले आणि हा विचार मागे पडला. इंग्रजी अक्षरांच्या जागी काना, मात्रा, अर्धा स, रफार असे तुकडे बसवलेले मराठी फाँट निघाले. कोणता तुकडा कोणत्या क्रमांकावर, हे ज्याने त्याने आपापले ठरवले. श्रीलिपी, आकृती, सी-डॅकचे आयएसएम अशी पॅकेजे डीटीपीच्या दुकानांत पोचली. छपाईसाठी हा मोठाच लाभ होता. पेण-रोह्यासारख्या तालुक्याच्या गावीही लग्नपत्रिका, गणेश मंडळाची पावतीपुस्तके आणि जाहिराती जागच्या जागी जुळवता येऊ लागल्या. पण या फाँटमध्ये टाइप केलेला मजकूर संगणकाच्या लेखी इंग्रजी अक्षरांची निरर्थक माळ असे.

टंकन हीच तेव्हा दोन प्रोग्रॅममधली सर्वांत नाजूक देवघेव होती. कीबोर्डचा प्रोग्रॅम पार्श्वभूमीत बसून प्रत्येक कळ मधल्या मध्ये पकडी आणि तिच्याऐवजी फाँटमधल्या तुकड्यांचे क्रमांक पेजमेकर या पानजुळणीच्या प्रोग्रॅमला किंवा वर्डला पाठवी. पेणच्या मूर्तींच्या कारखान्यांच्या पाट्यांवरचा ‘मूर्तिकार’ हा शब्द घ्या. इन्स्क्रिप्ट या कीबोर्ड-मांडणीने तो म, दीर्घ उकार, र, हलन्त, त, वेलांटी अशा क्रमाने टाइप होतो. फाँटच्या क्रमात मात्र वेलांटी ‘त’च्या आधी हवी आणि रफार ‘त’च्या नंतर. म्हणून कीबोर्डचा प्रोग्रॅम आधी पाठवलेले तुकडे बॅकस्पेसचा संदेश देऊन खोडी आणि नव्या क्रमाने पुन्हा पाठवी. समोरच्या प्रोग्रॅमने यात आपली बुद्धी चालवली की अक्षर बिघडे. वर्डची स्वयंदुरुस्ती वाक्याचे पहिले अक्षर कॅपिटल करी आणि मराठी ओळीच्या आरंभी भलताच तुकडा उमटे.

कॉपी-पेस्टमध्ये दुसरी अडचण होती. कॉपी करणारा प्रोग्रॅम क्लिपबोर्डवर तोच मजकूर अनेक रूपांत ठेवतो आणि घेणारा त्यातले सोयीचे रूप उचलतो. आरटीएफ रूपात फाँटचे नाव सोबत जाई, म्हणून वर्डमधून वर्डमध्ये मराठी मराठीच राहत असे. साध्या रूपात ते नाव गळे आणि पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसे. फाँट बदलावा तर श्रीलिपीचा मजकूर आयएसएमच्या फाँटमध्ये वाचता येत नसे. निरोप पोचत होता, पण त्याचा अर्थ कसा लावायचा याबद्दल दोन्ही टोकांचे एकमत नव्हते.

ते एकमत युनिकोड या सर्व लिप्यांसाठीच्या संकेतप्रणालीने घडवले. १९९१ च्या पहिल्या आवृत्तीतच इस्कीच्या धर्तीवर देवनागरीला जागा मिळाली होती. विंडोज २००० मध्ये मंगल फाँट आणि जोडाक्षरे घडवणारी यंत्रणा आल्यावर ती प्रत्यक्ष वापरता आली. लिनक्सवर डी-बस ही संदेशवाहिनी रुळली, तिची १.० आवृत्ती २००६ ची. तिच्यावर चालणाऱ्या आयबस या टंकनयंत्रणेने टंकनातली खोडाखोड संपवली. कीबोर्डचा प्रोग्रॅम आता अर्धवट शब्द वेगळा दाखवतो आणि पुरा झाल्यावरच समोरच्याच्या हवाली करतो. विंडोज एक्सपीपासून तिथेही अशी सोय झाली.

डीटीपीच्या दुकानांत मात्र जुने लवकर सुटले नाही. पेजमेकरची २००१ मधली सातवी आवृत्ती शेवटची ठरली आणि तिला युनिकोड कळत नसे. देवनागरीसाठी विंडोजमध्ये जुन्या धाटणीचे कोडपेज (संकेतांकांचा तक्ता) कधीच नव्हते. त्यामुळे युनिकोड मजकूर तिथे पेस्ट केला की प्रत्येक संकेतांकाच्या जागी प्रश्नचिन्ह येई. ग्राहकाने पाठवलेला मजकूर कन्व्हर्टरमधून काढून, तपासून मग लावायचा, हे काम त्यातून जन्मले आणि बरीच वर्षे टिकले. पानजुळणीच्याच इनडिझाइन या प्रोग्रॅमच्या २०१२ मधील सीएस६ आवृत्तीने भारतीय लिप्या हाताळायला सुरुवात केल्यावर नव्या कामांपुरती ही गरज कमी झाली.

एकमत अजून पुरते झालेले नाही. ‘आगऱ्यांचे मिठागर’ यातला ‘ऱ्य’ दोन रीतींनी लिहिता येतो. एकीत नुक्त्याचा ऱ, हलन्त व य असतात. दुसरीत साधा र, हलन्त, एक अदृश्य जोडचिन्ह व य. दिसायला दोन्ही एकच, पण काही प्रोग्रॅम हे अदृश्य चिन्ह गाळतात आणि अक्षर रफारात बदलते. ‘ॲ’ला स्वतंत्र संकेतांक मिळाला तो युनिकोडच्या २००८ मधल्या ५.१ आवृत्तीत, त्याआधी कोणी ‘ऍ’ वापरला, कोणी ‘अ’वर चंद्र चढवला. एका यादीत ‘ॲड.’ असे लिहिलेले वकिलाचे नाव दुसऱ्या प्रोग्रॅममधल्या शोधात म्हणूनच सापडत नाही. अशी वेगवेगळी रूपे एकच मानून मगच तुलना करायची, हे काम आजही त्या त्या प्रोग्रॅमच्या लेखकालाच करावे लागते.